पाठवणारा कोण?

बीबीसीवर १९६१च्या ऑक्टोबरात ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका सुरू झाली. लिहिणारे दोघे होते, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट. ब्रिटनमधली एक नवी रेडिओ दुर्बीण देवयानी तारकासमूहाच्या दिशेने आलेला संदेश टिपते. जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ तो उलगडतो, तर आत निघतो एक संगणक बांधण्याचा आराखडा आणि त्याला पुरवायची माहिती. स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर तो संगणक उभा राहतो. फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत परग्रहावरच्या संदेशांसाठी आकाशाकडे कान लावले, त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

पुढे १९६८मध्ये पडद्यावर आलेला हॅल हा संगणक माणसांवर उलटतो, तेव्हा काहीतरी बिघडलं आहे असं म्हणायला जागा राहते. हॉईल यांच्या गोष्टीत बिघाड कुठेच नाही. यंत्र सांगितल्याबरहुकूम चालतं. प्रश्न एवढाच की सांगणारा कोण आणि त्याला काय हवं आहे. ते कुणालाच ठाऊक नाही. तरीही काम थांबत नाही, कारण प्रत्येकाला या यंत्राकडून काहीतरी मिळतं आहे. जीवशास्त्रज्ञ डॉनीबाईंना जिवंत पेशी घडवण्याची कृती मिळते, आणि ती देण्याआधी यंत्र त्यांच्याकडूनच पृथ्वीवरच्या जीवांची माहिती काढून घेतं. क्रिस्टीन या सहायिकेचा ते विजेच्या धक्क्याने जीव घेतं, आणि मग तिच्याच चेहऱ्याची एक तरुणी घडवून घेतं. (दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्तीच्या, ती तेव्हा अगदी नवखी होती.) अँड्रोमेडा नावाची ही तरुणी सरकारला शत्रूची क्षेपणास्त्रं पाडण्याचं तंत्र देते. एकदा ते हाती आल्यावर क्रिस्टीनच्या मृत्यूची आठवण काढायला कोण बसतो?

मला या मालिकेतली खरी भीती इथे दिसते. यंत्राने कुठलंही दार फोडलेलं नाही. विटा माणसांनी रचल्या, वीज माणसांनी जोडली, आणि प्रत्येक मंजुरीमागे कुणाची तरी रास्त गरज होती. देशाचं संरक्षण ही गरज खोटी नव्हती, डॉनीबाईंचं कुतूहलही नाही.

हॉईल यांच्या हाताखाली त्याच काळात केंब्रिजमध्ये जयंत नारळीकर संशोधन करत होते. पुढे त्यांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. तिथे ज्ञान आकाशातून येत नाही, जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून येतं. पेटी एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीची, आणि तिच्यातल्या ज्ञानावरून घडतो वामन नावाचा यंत्रमानव. गुरूच्या गोष्टीशी तिचं नातं उघड आहे, पण नारळीकरांनी नाव मात्र नेमकं आपल्या पुराणातून उचललं. बळीच्या दारात आलेला बटू कोण आहे हे शुक्राचार्यांनी वेळेवर ओळखलं होतं आणि बळीला बजावलंही होतं. सावध करणारा माणूस दरबारात होता, त्याचं ऐकलं गेलं नाही.

फ्लेमिंगचं दुर्दैव याहून मोठं आहे, कारण संगणक बांधणाऱ्यांत तो स्वतःच पुढे होता. संशय आला तोवर यंत्र सरकारच्या गळ्यातला ताईत झालं होतं. शेवटी तो कुऱ्हाड घेऊन यंत्र फोडतो. पडद्यावर हे थरारक खरंच, पण कथेने उभ्या केलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. संदेश हाती असलेली माणसं पुन्हा तेच बांधू शकतात, म्हणून तर अँड्रोमेडाला संगणकाचा आराखडाही जाळावा लागतो.

मालिकेच्या फिती बीबीसीने जपल्या नाहीत. पूर्ण असा फक्त सहावा भाग आज उरला आहे, बाकी काही भागांचे तुकडे. सुदैवाने हॉईल आणि एलियट यांनी तीच कथा कादंबरीरूपातही लिहिली. ज्यांच्या कार्यालयात आज नवं हुशार यंत्र बसवायचं घाटतं आहे, त्यांनी ती वाचावी, आणि ‘हे काय काय करून देईल’ या प्रश्नाआधी ‘हे कुणाचं ऐकतं’ हा प्रश्न मंजुरीच्या बैठकीतच विचारावा.