दया आणि जबाबदारी

मांजर आपल्या समाजाला परके नाही. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या त्या हजरत अबू हुरैरा यांचे नावच मांजराच्या पिल्लावरून पडले. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याने वुजू होतो, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते. तरीही आमच्या मोहल्ल्यांत भाटी व्याली की पिल्ले गोणीत भरून मासळी बाजाराजवळ सोडली जातात. सोडणाऱ्याला वाटते, आपण मारले तर नाही ना!

न मारले म्हणजे दया झाली काय?

मांजर कोंडणाऱ्या बाईची हदीस आम्ही शिक्षक वर्गात सांगतो. तिने त्या मुक्या जिवाला खायला दिले नाही, की किडेमकोडे शोधून खायला मोकळेही सोडले नाही. म्हणून ती नरकात गेली. मुले यातून मांजराला दूध द्यावे एवढेच घेतात. पण हदीसचा रोख जबाबदारीवर आहे. जो जीव आपल्या हाती आला, त्याच्या हालांचा जाब आपल्याला द्यायचा आहे. आईवेगळ्या, शिकार न येणाऱ्या पिल्लाला बाजारात टाकणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे.

नुसते खाऊ घालणेही पुरेसे नाही. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. त्यांतली किती पिल्ले उपासमारीने, रोगाने, गाड्यांखाली मरतात हे आपण पाहतोच. मांजरे पकडून दूर नेली, तरी खाणे तिथेच असल्याने दुसरी येतात.

तेराव्या शतकात सुलतान बैबर्सने कैरोत मांजरांसाठी एक बाग वक्फ केली होती. पुढे बाग गेली, पण काझीच्या वाड्यात मांजरांना खाऊ घालण्याची रीत राहिली. नको झालेली मांजरे लोक त्याच वाड्यात आणून सोडत, असे एडवर्ड लेन या इंग्रजाने १८३६ च्या पुस्तकात नोंदवले आहे. एकाचा सवाब दुसऱ्याची सोय झाला!

यावर उपाय आहे. मांजर पकडावे, भूल देऊन नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, खूण म्हणून भुलेतच कानाचे टोक कापावे आणि जिथून आणले तिथेच सोडावे.

हा अल्लाहच्या निर्मितीत हस्तक्षेप नव्हे काय, असे काहीजण विचारतात. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हनफी फिकहात फायद्यासाठी जनावराच्या खच्चीकरणाला मुभा आहे. पण कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, आणि इमाम नववी यांनी मांस हलाल नसलेल्या जनावराबाबत ते नाजायज ठरवले. मात्र त्या काळी भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया नव्हती. आज संख्या त्रासदायक झाली असेल आणि जनावराला इजा होत नसेल, तर नसबंदीला मुभा देणारे उलेमाही आहेत. ज्यांचे मन तरीही मानत नाही, त्यांच्याशी आमचा वाद नाही. पण मग जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला सांभाळण्याची तयारी त्यांनी दाखवावी. शस्त्रक्रिया नको आणि पिल्लेही नकोत, असे म्हणून गोणी बांधणाऱ्याला मात्र कोणत्याही मसलकचा आधार नाही.

मोहल्ल्यातल्या चार घरांनी वर्गणी काढून एका भाटीची शस्त्रक्रिया केली, तरी पुढच्या कित्येक गोण्या वाचतील. आपल्या मुलांनी दया शिकावी असे वाटत असेल, तर त्यांना दुधाच्या वाटीबरोबर हा हिशेबही शिकवायला हवा.