पगारपत्रकावरची सही

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 93 याचिका एकदम फेटाळल्या. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या कॅथलिक फादर-सिस्टरांच्या पगारातून आयकर कापायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. 1944 च्या एका परिपत्रकाच्या आधारावर वर्षानुवर्षे सूट मिळत आली होती. दारिद्र्याचे व्रत घेतल्यामुळे पगार आमचा नसतो, संस्थेचा असतो; चर्चच्या कायद्याने आम्ही व्यवहारापुरते मृतच आहोत, अशी बाजू मांडली गेली. न्यायालयाला ती पटली नाही. पगार त्या व्यक्तीच्या नावावर निघतो, तेव्हा कर कापला जाईल.

निकाल योग्य आहे, असे मला वाटते. अस्वस्थ केले ते त्यावरच्या चर्चेने. दिंडोरीतल्या आमच्या गप्पांतही तेच झाले. एक म्हणाला, "पगार घेतात, मग त्याग कसला?" दुसरा म्हणाला, "अशा त्यागमूर्तींनाही सोडले नाही!" भांडण कडाक्याचे झाले, पण दोघांचे माप एकच होते. सिस्टरने काय सोडले, यावरून तिची किंमत ठरवायची.

सिस्टर धर्मांतर करवतात, हा आरोप जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमधल्या दुर्ग स्थानकावर दोन सिस्टरांना अटक झाली तेव्हा पुन्हा गाजला. मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटांतून शिकून बाहेर पडलेल्या आपल्याच आया-बहिणी समोर असताना त्यावर मी जागा खर्च करणार नाही. माझा वाद आहे तो भक्तिभावाने हात जोडणाऱ्याशी.

त्यागमूर्ती म्हणणारा माणूस सिस्टरच्या आयुष्यातला एकच दिवस पाहतो: घर सोडल्याचा. लग्न केले नाही, मूल नाही, दागिना नाही, आईच्या आजारपणात जवळ नाही. हे सगळे खरे आहे. पण त्यानंतर ती तीस-पस्तीस वर्षे रोज सकाळी वर्गावर जाते, त्याचे काय? ती गणित नीट शिकवते का, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. आला तर त्याला तो उर्मटपणा वाटतो. पुष्कळ सोडून आलेली बाई वाईट शिक्षिका असू शकते. तिला तसे म्हणता येत नसेल, तर आपण तिचा मान ठेवत नाही, तिला देव्हाऱ्यात बसवून मोकळे होतो.

या कौतुकाची झळ इतरांनाही बसते. मी विनाअनुदानित शाळेत काही वर्षे काढली आहेत. पगार तीन-तीन महिने थकायचा आणि विचारायला गेले की संस्थाचालक म्हणायचे, "सिस्टर बघा, काही मागतात का?" घरात दोन मुले आणि सोसायटीचे कर्ज असलेल्या मास्तराला दुसऱ्याचे व्रत दाखवून गप्प करायचे, हा अन्याय आहे. व्रत ज्याने घेतले त्याचे. ते दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि सरकारकडून त्याबद्दल सवलतही मागू नये. म्हणूनच निकाल मला खटकला नाही. कर कापल्याने व्रताचे काय बिघडले? उरलेला पगार पूर्वीसारखाच सगळा संस्थेच्या खात्यात जातो.

त्याग आणि व्रत या दोन शब्दांची आपण गल्लत करतो, असे माझे म्हणणे आहे. आपल्या आज्यांना हा फरक कळत होता. त्याग एकदा होतो आणि त्याला बघणारे लागतात. व्रत रोज पाळावे लागते, आणि ज्या दिवशी मन नसते त्या दिवशीच त्याची खरी कसोटी. चर्चने इथे मुद्दाम घाई टाळली आहे: किमान वर्षभराची उमेदवारी, मग निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रते, आणि त्यानंतरच कायमची.

आज्ञापालनाच्या व्रतापाशी मात्र मीही अडखळतो. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला ख्रिस्ती झाल्या. तिथल्या अँग्लिकन सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे पत्रांतून जे वाद झाले, त्यांत आज्ञा मोठी की सद्सद्विवेक, हाच पेच आहे. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, अशी हरकत बिशपांनी घेतली, ती रमाबाईंना मान्य नव्हती. त्यांचेच बरोबर होते. पण पुढे केडगावात त्यांनी जे आयुष्य काढले, त्याला त्याग म्हणून भागत नाही. ते व्रतच होते, फक्त आज्ञा देणारे वर कोणी नव्हते. अशाच व्रताचे दुसरे उदाहरण सिस्टर करुणा मेरी ब्रगांझा यांचे. त्या मुंबईच्या सोफिया महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. नंतर त्या झारखंडमधल्या तोरपासारख्या छोट्या गावी कामाला गेल्या. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हाही त्यागाचेच गोडवे गायले गेले असतील.

माझ्या ओळखीच्या एक सिस्टर इकडच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायच्या. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे द्राक्षबागांवर येतात. त्यांची मुले मधूनच वर्गात येतात, मधूनच गायब होतात. सिस्टरांकडे शंभर पानी वही होती. हजेरीपटाशी तिचा संबंध नव्हता. मुलाचे नाव, कोणाच्या बागेवर, कोणत्या शेडमध्ये, आणि पुढे एकच नोंद: "भागाकार, हातचा चुकतो." "अपूर्णांक झाला नाही." संध्याकाळी त्या चालत बागेवर जायच्या आणि वेलींच्या मांडवाखाली, कापलेल्या काड्यांच्या ढिगाशेजारी बसून तेवढेच शिकवून परत यायच्या. कधी कंटाळायच्या, मुलांवर चिडायच्या. चिडल्या की मराठी सुटून मल्याळम यायचे.

मे महिन्यात बदलीचे पत्र आले. एका बॅगेत सामान मावले. वही त्यांनी टेबलावर ठेवली. जूनमध्ये नव्या सिस्टर आल्या. मराठी त्यांना जेमतेम येत होते. पहिले दोन आठवडे त्या तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मुलांबरोबर धडा वाचत होत्या, आणि "ती फळा" म्हटले की मुले ओरडून "तो फळा" असे दुरुस्त करत होती. ऑक्टोबरात त्यांनी मला बोलावून वही पुढे केली आणि विचारले, "हातचा म्हणजे काय?"