पाचव्या अपघातापर्यंत

लोहाऱ्याच्या पोरांना 1993 चा भूकंप ऐकून ऐकून पाठ असतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे सास्तूरला, किल्लारीला माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. माझा जन्म त्यानंतरचा. पण 'झोपलेल्यांचीच चूक' असं कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दोष भिंतींना दिला गेला, घरं नव्यानं बांधली. तेव्हा भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. 2002 मध्ये नकाशाच बदलला.

रस्त्यावर मात्र आपला पहिला प्रश्न ठरलेला: चूक कुणाची? 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. सरकारी अहवालात त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे रकान्यांवर माझा फार विश्वास नाही. फॉर्ममधला सोपा पर्याय आधी भरला जातो. उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि अंधारात त्यांवर आदळलेला मोटरसायकलवाला. तो वेगात होता, कबूल. पण तेवढंच?

राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅकस्पॉट' ठरायला साधारण 500 मीटरच्या टप्प्यात 3 वर्षांत 5 जीवघेणे किंवा गंभीर अपघात लागतात, नाहीतर 10 मृत्यू. दिल्लीत बसून देशभरचे रस्ते सांभाळणाऱ्याला आकड्याशिवाय दिसणार काय, हे मला पटतं. पैसाही मोजकाच. पण मग चौथ्या अपघातापर्यंत ती जागा कागदावर ठीकच असते. आणि आमच्याकडचे अपघात विखुरलेले. आज या वळणावर, पुढच्या महिन्यात तीन किलोमीटर पुढे. ते एका टप्प्यात गोळाच होत नाहीत.

स्वीडननं 1997 मध्ये उलटं धरलं: माणूस चुकणारच, त्याची किंमत जीव नसावी. हे श्रीमंतांचे चोचले म्हणावेत, तर आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आहे. 2016 मध्ये तिथे 151 बळी गेले. रस्त्यातल्या त्रुटी हुडकून दुरुस्त केल्यावर काही वर्षांत आकडा निम्म्याच्या खाली आला. ड्रायव्हर आपलेच होते, स्वीडनहून आणले नव्हते.

2019 च्या दुरुस्तीनं सदोष रस्त्यासाठी ठेकेदाराला किंवा यंत्रणेला दंडाची तरतूद आली. जास्तीत जास्त 1 लाख रुपये!

मग दारू पिऊन चालवणारा सुटला का? नाही, शिक्षा त्याला व्हायलाच हवी. पण तो या रस्त्यानं कधीतरी येणार, हे रस्ता आखणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं.