आश्रिताचे देणे

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. रोप म्हणजे काय, हे तेथल्या मनुष्याला सांगावे लागत नाही. रोप लावायचे, जगवायचे, तोडे घ्यायचे आणि हंगाम सरला की उपटून बांधावर टाकायचे. यात त्याला पाप वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. पण हाच मनुष्य कामानिमित्त एखाद्या वातानुकूलित कचेरीत जातो, कोपऱ्यातील कुंडीत करपलेले झाड पाहतो आणि हळहळतो. शेकडो रोपे उपटणाऱ्याची ही हळहळ निव्वळ भाबडेपणा आहे, की तीत काही नीतीचा विचार आहे?

प्रथम त्या झाडाची अवस्था पाहू. थंड हवेचे यंत्र खोलीतील हवा गार नळ्यांवरून फिरवते. तेथे हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते भिंतीबाहेर ठिबकते. हवा अशी कोरडी झाली की पानांच्या कडा तपकिरी होतात. ते पाहून कोणी दयाळू गृहस्थ रोज पेलाभर पाणी ओततो. परंतु गारव्यात आणि अपुऱ्या उजेडात मुळे पाणी सावकाश पितात. माती ओलीच राहते व मुळे कुजतात. उपाय साधा आहे. कुंडी झोतातून हलवून खिडकीजवळ ठेवावी, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, पाने ओल्या फडक्याने पुसावीत. पण त्यासाठी कोणी पाहणारा हवा. कचेरीतील कुंडी सर्वांची, म्हणजे पुष्कळदा कोणाचीच नसते.

आता, या झाडाचे आपण काही देणे लागतो काय? ते हवा शुद्ध करते म्हणून लागतो, असे कोणी म्हणेल. १९८९ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगांवरून ही समजूत पसरली. पण २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा राहत्या खोलीत चार कुंड्यांचा परिणाम नगण्य ठरला. झाडाला वेदना होतात म्हणून, असे दुसरा म्हणेल. जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात वनस्पती आघाताला विद्युत-प्रतिसाद देतात हे मांडले खरे. पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. हे दोन्ही आधार कच्चे आहेत.

मला तिसराच आधार पक्का वाटतो. शेतातील रोप आपल्या हातचे असले तरी सर्वस्वी आपल्या हाती नसते. त्याला ऊन आहे, दव आहे, मुळे खोल धाडण्याची मोकळीक आहे. कुंडीतल्या झाडाचे हे सारे आपण काढून घेतले, तेही त्याने न मागता, केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी. ज्याचे स्वावलंबन आपण हिरावले, त्याच्या पोषणाचा भार आपल्यावर आला. पिंजऱ्यातील पक्ष्याला दाणे घालणे हे म्हणूनच दान नसते.

यावर एक कठीण शंका आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेल्या झाडांवर पुष्कळांना कुऱ्हाड चालवावी लागली. त्यांनी धर्म सोडला काय? खचित नाही. कर्तव्य शक्तीपुरतेच असते, आणि त्यांच्यापाशी पाणीच नव्हते. कचेरीत पाण्याची वाण नाही, वाण आहे ती लक्षाची. उलट, यंत्रातून ठिबकणारे पाणी बादलीत धरले तर कुंड्यांपुरते सहज पुरते. ज्या खोलीतून ओल घेतली तिथल्याच झाडाला ती परत द्यायची, यात उपकार कसला?

त्या नळीखाली भिंतीच्या फटीत पुष्कळदा पिंपळाचे रोप उगवते. ते कोणी लावलेले नसते, आणि उपटले तरी कोणाचे वचन मोडत नाही. आतल्या कुंडीचे तसे नाही. ती आपण आणलेली असते. ज्याला मातीत बोट घालून पाहण्याइतकी सवड नाही, त्याने ती उजेडाच्या ओसरीवर एखाद्या जाणत्या हाती सोपवावी. आणि पुन्हा दुसरी आणू नये.