अस्पर्श चित्र

हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीत नव्या चित्राला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा फिर्यादीच्या सुरातला असतो: ‘एडिट केलंय का?’ २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडीच्या काठी, भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला किंवा पूल ओलांडून ऐरोलीला रविवारी पहाटे जाऊन रोहित पक्षी टिपून आलेली मुलुंडची मंडळी, ज्यांत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, महाविद्यालयीन मुले असतात आणि दुकानाची गादी मुलाच्या हवाली करून आलेले कच्छी व्यापारीही असतात, सायंकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात टीव्हीच्या पडद्यावर आपापली चित्रे लावतात, तेव्हा शटर किती, आयएसओ किती, ट्रायपॉड होता की हातातच धरला होता, ही चौकशी यथासांग होते. परंतु एखाद्या पक्ष्याचा गुलाबी रंग अंमळ गडद दिसला, की ‘काका, सॅच्युरेशन वाढवलंत ना?’ असा सवाल येतो आणि काकांना आपली कैफियत द्यावी लागते. (वास्तविक रोहिताचा गुलाबी रंग उपजत नसतोच, पिल्लू करडे असते, आणि शेवाळातील व सूक्ष्म जीवांतील रंगद्रव्ये पोटात जाऊ लागल्यावर कालांतराने पिसांवर लाली चढते. तेव्हा सॅच्युरेशन वाढवण्याचा पहिला गुन्हा चिखलाच्या नावावर नोंदवावा लागेल.)

या फिर्यादीच्या मुळाशी असे गृहीत धरलेले असते, की यंत्र हा निःपक्षपाती साक्षीदार आहे, त्याने जे दिले ते सत्य, आणि त्यापुढे मनुष्याच्या हातून जे घडते तो त्या सत्याला लागलेला विटाळ. ज्ञान यथार्थ केव्हा म्हणावे, हा आपल्या दर्शनकारांचा फार जुना वाद येथे नकळत नव्या वेषात उभा राहिला आहे, आणि म्हणून त्या साक्षीदाराची उलटतपासणी करणे अवश्य आहे.

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक ठिकाणी तीन रंगांपैकी एकाचेच प्रत्यक्ष मोजमाप होते आणि उरलेले दोन आसपासच्या बिंदूंवरून गणिताने ठरवावे लागतात. ज्या चित्राला आपण बोटही लावले नाही म्हणून शपथेवर सांगतो, त्यातला दोन तृतीयांश रंग अशा रीतीने अनुमानाचा असतो, आणि ते अनुमान कसे बांधावे हे कोणा दूरस्थ अभियंत्याने आपल्याला न विचारता ठरवून ठेवलेले असते.

काळाचीही तीच गत. उडत्या रोहिताचे पंख स्थिर हवे असतील तर शटर सेकंदाच्या १/२००० वर न्यावा लागतो. तोच पक्षी १/३० वर टिपला तर पंखांच्या जागी नुसता गुलाबी फराटा उमटतो. दोन्ही चित्रे अस्पर्श, आणि काठावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोळ्यांनी दोहोंपैकी एकही दृश्य पाहिलेले नसते. मुलुंडच्या पश्चिमेला जे डोंगर दिसतात, त्यांच्याच पलीकडच्या अंगाला कान्हेरीची शंभरांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथे ज्या धर्माचे भिक्षू शतकानुशतके राहिले, त्या धर्माच्या पंडितांनी काळाचे अतिसूक्ष्म माप घेतले होते: वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त अहोरात्राचे ३० मुहूर्त, मुहूर्ताचे ३० लव, लवाचे ६० तत्क्षण आणि तत्क्षणाचे १२० क्षण असा हिशेब आहे, आणि तो मांडून पाहिला तर क्षण म्हणजे सेकंदाचा ७५ वा भाग ठरतो. क्षणिकवाद्यांच्या मते वस्तू प्रत्येक क्षणी नवी असते. त्यांचे म्हणणे मान्य केले तर १/३० च्या चित्रात एक पक्षी नाही, अडीच पक्ष्यांची बेरीज आहे. आणि १/२००० चा शटर तर क्षणाचाही सुमारे सत्ताविसावा तुकडा कापून आणतो, ज्याला वसुबंधूच्या कोष्टकात नावच नाही.

याच परंपरेतल्या दिङ्नागाने प्रत्यक्षाची व्याख्या करताना त्यातून कल्पना समूळ वगळली. नाम, जाती, गुण यांचा आरोप होण्यापूर्वीचे जे निव्वळ भान, तेवढेच त्याच्या लेखी प्रत्यक्ष. त्या कसोटीला संवेदकावर साठलेला विद्युत्भार कदाचित उतरेल. पण तो कोणाला दाखवता येत नाही. रॉ फाइलसुद्धा पडद्यावर यायची झाली तर कोणत्या तरी सॉफ्टवेअरने तिला रंग आणि उजाळा द्यावाच लागतो. दाखवण्याजोगे जे जे आहे ते सविकल्पच, म्हणजे कल्पना मिसळलेलेच, आहे. सबब ‘एडिट केलंय का?’ याचे प्रामाणिक उत्तर नेहमी ‘होय’ असेच येईल. कोणी केले, एवढाच तपशील बदलेल.

मात्र यावरून सगळीच चित्रे सारखी खोटी म्हणून मोकळे होणे हा बुद्धीचा आळस होय. दिङ्नागाच्याच परंपरेतल्या धर्मकीर्तीने प्रमाणाचे लक्षण अविसंवाद हे सांगितले: ज्या ज्ञानावर विसंबून निघालेला मनुष्य वाटेत फसत नाही, ते प्रमाण. ही कसोटी लावली की निकाल निराळे लागू लागतात. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्यूझियमच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत २०१७ साली गौरवलेले एक चित्र पुढल्या वर्षी बाद झाले, कारण चमकणाऱ्या वारुळापाशी आलेला त्यातला मुंगीखाऊ हा ब्राझीलमधील एका राष्ट्रीय उद्यानात दर्शनी ठेवलेला पेंढा भरलेला प्राणीच असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. पण आक्षेप संगणकावरच्या फेरफाराचा नव्हताच. आपल्याकडचा दाखला याहून जुना आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेमध्ये भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय हौशी सभासद होते. तिच्याच आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने १८६३ पासून मुंबईच्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यातील माणसे एकीकडे टिपून मागाहून निराळ्या स्थळांच्या चित्रांवर बसवलेली आहेत. वाचकाने ग्रंथ दस्तऐवज म्हणून हाती घ्यावा आणि माणसाच्या मागचे मंदिर कात्रीने आणलेले निघावे, हा विसंवाद. काकांच्या गुलाबी रंगाने कोणाला कोठे चुकीच्या वाटेला लावले, हे मला अजून कळलेले नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्य याच्याही पुढे जाते. आपला बोध दुसऱ्याच्या ठिकाणी पोचावा यासाठी वाणी आहे, तेव्हा ती फसवी किंवा पोकळ नसावी, इतके सांगून भाष्यकार थांबत नाहीत. जिच्यामुळे प्राण्यांचा घात होतो ती वाणी तंतोतंत खरी असली तरी तिला ते सत्याचा दर्जा देत नाहीत. आमच्या बैठकीतला खरा नैतिक प्रश्न म्हणूनच सॅच्युरेशनचा नसून, घुबडाच्या पिल्लांचे चित्र पडद्यावर येताच उठणाऱ्या ‘लोकेशन सांग ना’ या आर्जवाचा आहे. पत्ता खरा सांगितला जातो, पुढच्या रविवारी झाडाखाली ट्रायपॉड दाटतात, आणि चौकटीत आडवी येते म्हणून जी डहाळी छाटली जाते, तिच्याच आडोशाने पिल्ले कावळ्यांच्या नजरेपासून झाकलेली असतात. त्या चित्रावर संगणकाचा एकही संस्कार नसतो, आणि टाळ्या त्यालाच पडतात. तीच डहाळी घरी येऊन संगणकावर पुसून टाकणारा आणि तसे उघड सांगणारा मनुष्य माझ्या मते अधिक सत्यवादी आहे. तेव्हा मंडळींना विनंती एवढीच, की चित्रावर जे संस्कार केले असतील ते त्याच्याखाली बिनदिक्कत लिहावेत, आणि घरट्याचा पत्ता विचारणारा कितीही जवळचा असला तरी त्याला तो देऊ नये.