मतदान : दान की दंड?

धर्मशास्त्राने कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार सांगितले आहेत. काम्य कर्म इच्छा असेल त्याने करावे. न केल्यास दोष नाही. नित्य व नैमित्तिक कर्मांचे तसे नाही. संध्या रोजची, ग्रहणाचे स्नान ग्रहण आले म्हणजे. परंतु ती टाळली तर प्रत्यवाय लागतो, असे आपले पूर्वज मानीत आले. आमच्या मते लोकराज्यातील मतदान हे या नैमित्तिक कर्मांच्या पंक्तीस बसणारे आहे. निमित्त आले की ते केलेच पाहिजे. देवळाच्या पत्रिकेत हा विषय कशास, असे कोणी विचारील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत निवडणुकीचा विचार वर्ज्य मानला नाही. आम्हीही मानीत नाही. कोणत्याही पक्षाचे नाव मात्र येथे येणार नाही.

जे केलेच पाहिजे, ते दंडाच्या धाकाने करवून घ्यावे काय? आपल्या गुजरातेत हा प्रश्न केवळ चर्चेचा राहिला नाही. महानगरपालिका, नगरपालिका व पंचायती यांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक विधानसभेने डिसेंबर २००९ मध्ये संमत केले. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी ते २०१० मध्ये परत पाठविले. सभागृहाने ते २०११ मध्ये पुन्हा संमत केले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्यपाल ओमप्रकाश कोहली यांनी त्यास मान्यता दिली. २०१५ मध्ये नियम निघून दंडाची रक्कम १०० रुपये ठरली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरत महानगरपालिकेची निवडणूक झाली, ती या दंडावाचूनच.

सक्तीचा पक्ष दुबळा आहे असे आम्ही म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये साठ टक्क्यांहूनही कमी मतदान झाले होते. १९२४ मध्ये सक्ती आली आणि पुढच्याच वर्षी ते एक्क्याण्णव टक्क्यांच्या वर गेले. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या शेजारचे नवसारी ज्या बडोदे संस्थानात होते, तेथे सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. त्या दंडाबद्दल आज महाराजांना कोणी दोष देत नाही. उलट त्यांचे ऋण मानतो.

मग मतदानाची सक्ती का नको? कारण सयाजीरावांची सक्ती अजाण बालकाच्या हितासाठी होती, आणि दंडाबरोबर त्यांनी गावोगाव शाळाही उघडल्या. मतदार हा जाणता मनुष्य आहे. त्याच्याजवळ राज्य त्याचा विवेकच मागत असते, आणि विवेक हा वसुलीचा माल नव्हे.

भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. द्यावयाचे म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, देश, काल व पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यासाठी किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. अपात्री, अनादराने दिलेले ते तामस. मतदान हेही दानच ना? पैसा, पातळ वा भोजन घेऊन दिलेले मत मोबदल्याचे झाले. शंभर रुपये वाचावेत म्हणून कुरकुरत दिलेले मत कष्टी मनाचे झाले. आणि 'एकदाचे उरकू' म्हणून हाताला येईल ती कळ दाबली, तर ते तामस दान ठरले. दंडाने रांग लांबेल. पण सात्त्विक दान एकानेही वाढेल याची हमी नाही. 'कोणी पात्रच दिसत नाही' ही सबबही आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' ही कळ आहे. पात्र नाही हे सांगावयास तरी जावेच.

सुरतेचे दोन अनुभव वाचकांनी मनाशी तोलावेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरत मतदारसंघात काहींचे अर्ज बाद झाले, इतरांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिल रोजी उरलेला उमेदवार बिनविरोध निवडून आला. लिंबायत व उधना हे आपले मराठी वस्तीचे भाग नवसारी मतदारसंघात मोडतात, म्हणून तेथे ७ मे रोजी मतदान झाले. कतारगाम आणि वराछा येथे झाले नाही. शहर एक, पण अर्ध्या शहरास मत देण्याचा प्रसंगच आला नाही. दान देण्यास निघालेल्यापुढे पात्रच ठेवले नाही, तर दंड कोणास करावयाचा?

दुसरा अनुभव आपल्या घरचा आहे. ताप्तीकाठच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली किती तरी माणसे वर्षानुवर्षे येथे यंत्रमागावर राबतात. नाव मात्र गावाकडच्या यादीत. मतासाठी गावी जावे तर दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. येथे राहावे तर गटाराचे, पाण्याचे, मुलांच्या शाळेचे गाऱ्हाणे मतपेटीपर्यंत पोचत नाही. दंडाचा कायदा यादीत नाव असणाऱ्यासच ओळखतो. या बांधवाकडे तो पाहणारही नाही. खरा प्रत्यवाय येथे आहे, आणि तो केवळ त्याचा नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांचाही आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. जो येथे कायम राहतो त्याने नमुना ८ भरून आपले नाव येथील यादीत आणावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मान्य नाही. ज्यास अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहिता येणाऱ्याने लिहावा. एकादशीच्या भजनाइतकेच ते पुण्यप्रद होईल. कारखानदार बांधवांनी मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी. रोजंदारीच्या कामगारासही ती देणे १९९६ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. तेथील दंड मात्र आम्हांस योग्य वाटतो, कारण तो दुसऱ्याची वाट अडविणाऱ्यास आहे. वृद्ध आणि आजारी यांस हात धरून केंद्रापर्यंत न्यावे.

वारी चुकली तर वारकऱ्यास कोणी दंड करीत नाही. त्याचे मनच त्यास खाते. अर्जुनास सर्व उपदेश केल्यावर, आज्ञा देण्याचा पूर्ण अधिकार असतानाही, भगवंतांनी 'विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर' असाच भाव प्रकट केला. त्यांनी सक्ती केली नाही; पण धनुष्य टाकून बसलेल्यास बसूही दिले नाही. समाजानेही आपल्या माणसांशी असेच वागावे. निवडणुकीच्या दिवशी सकाळी स्नान करून, देवास नमस्कार करून, शेजाऱ्यास हाक मारून आपण निघावे, आणि दिलेले मत ईश्वरास अर्पण करून स्वस्थ चित्ताने घरी यावे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.