ऐकिलें तेंच सांगितलें, मग दोष कोणाचा?

गांवांत एखादी कंडी उठली म्हणजे, "ती आम्हीं उठविली नाहीं, ऐकिलें तेंच सांगितलें," असें म्हणून जो तो हात झटकतो. अशा मनुष्यास दोष लागतो कीं नाहीं, हा प्रश्न जुना आहे. परंतु मोबाईलच्या या काळांत तो फार मोठा झाला आहे.

सन 2016 च्या मे महिन्याच्या 21 तारखेस अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं एका इस्लामी केंद्रापुढें दोन जमाव समोरासमोर उभे राहिले. एक इस्लामाच्या विरुद्ध, दुसरा त्याच्या बाजूचा. दोघांसही फेसबुकावरून बोलावणें आलें होतें. पुढें उघडकीस आलें कीं, दोन्ही बोलावणीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' या एकाच संस्थेचीं होतीं. तिचे पगारी नोकर खोट्या नांवांनीं अमेरिकन बनून लिहीत. याखेरीज 'बॉट' म्हणून जीं खातीं असतात, तीं तर माणसाचें नांव घेऊन यंत्राच्या योगें आपोआप मजकूर पसरवितात. रशियाशीं संबंध असलेलीं अशीं 50,258 खातीं आढळल्याचें ट्विटरनें सन 2018 च्या जानेवारींत जाहीर केलें.

आतां विचार करा. यंत्रास विवेक नाहीं, म्हणून त्यास पापही नाहीं. तें चालविणारा दोषी आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्याची लबाडी ह्यूस्टनच्या रस्त्यावर आली, ती खऱ्या माणसांच्या पायांनीं. जो फसला तो दयेस पात्र आहे खरा. तथापि शेजाऱ्याविषयींचें वाईट त्यास इतक्या लवकर खरें कां वाटलें, हें त्यानें आपल्या मनास विचारिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, "आम्हीं खेड्यांतील माणसांनीं शहानिशा कशी करावी?" शहानिशा करितां येत नसेल, तर गप्प राहणें तरी येतें. सन 2018 च्या जुलैच्या 1 तारखेस धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या 5 निरपराध इसमांस जमावानें ठार मारिलें. त्या दिवसांत तसले संदेश व्हॉट्सॲपवरून फिरत होते. ते पुढें धाडणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं काठी उचलली नसेल. पण काठी उचलणाऱ्याच्या मनांत भय कोणीं भरिलें?

म्हणून वाचकहो, संदेश पुढें धाडण्यापूर्वीं इतकेंच पाहावें: हें ज्याच्याविषयीं आहे त्याच्या तोंडावर, आपलें नांव सांगून, आम्ही हें बोलूं काय? बोलणार नसूं, तर तें आमच्या हातून पुढें जाऊं नये. जो न पाहतां पुढें धाडितो, तो विवेक असून यंत्र होतो. आणि यंत्रास जी माफी आहे, ती त्यास नाहीं.